जर्मन नगराध्यक्षाला घेऊन खानदेशात

एखाद्या जर्मन नगराध्यक्षाचं चरित्र पिशवीत घालून कुणी खानदेश फिरायला गेल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. मी गेले होते. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं, मी पुण्यात जर्मन शिकवत होते, वय सव्वीस, आणि स्वतःविषयीचं माझं मत फारच चांगलं होतं. एका दिवाळी अंकात माझा लेख आला होता. एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर जर्मनीच्या एका शहराचा नगराध्यक्ष, पटकीच्या साथीनंतर त्यानं शहरात नळाचं पाणी कसं आणलं, त्याची गोष्ट. लेख वाचून कुणी काही कळवेल अशी अपेक्षा नव्हती. आईनेसुद्धा अर्धाच वाचला होता.

मग एक पोस्टकार्ड आलं. साक्री तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचांनी लिहिलं होतं. अक्षर मोठं, शाळकरी वळणाचं. ‘साक्रीच्या वाचनालयात आपला लेख वाचला. तो नळवाला नगराध्यक्ष आमच्या गावाला ऐकवायचा आहे. आपण यावे. गाडीभाडे देऊ, जेवण घरचे.’ खाली सही होती, आणि सहीखाली ‘लवकर यावे’ असं पुन्हा एकदा. गावाचं नाव मी इथं मुद्दाम देत नाही. सरपंचांच्या घरातली नातवंडं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि त्यांना विचारायचं राहून गेलंय.

घरी थोडी कुरबूर झाली. एकटी मुलगी, एवढ्या लांब, तेही भाषण द्यायला! वडिलांनी तोडगा काढला: जळगाव आणि धुळ्याला त्यांच्या ओळखी होत्या, तिथंही एकेक व्याख्यान ठरवलं, म्हणजे प्रत्येक मुक्कामाला घरचं कुणी ना कुणी. अशी माझी तीन गावांची व्याख्यानमाला तयार झाली.

सकाळी पुण्याहून निघाले, मनमाडला गाडी बदलली. ज्यांना आता हा प्रवास करायचा असेल त्यांना थेट गाड्या आहेत, पण मनमाडच्या फलाटावर तासभर बसून शिदोरी सोडण्यात जी मजा होती ती थेट गाडीत नाही. पौष महिना होता. चाळीसगाव सोडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणी होऊन गेलेल्या कपाशीची वाळकी झाडं, आणि पुढे पुढे केळीच्या बागा. मी खिडकीशी बसून नगराध्यक्षाच्या चरित्राची ती जर्मन पुस्तिका पुन्हा वाचत होते.

तुम्हालाही तो माणूस थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चामडं कमावणाऱ्याचा मुलगा. शहराच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि वीस-बावीस वर्षांनी त्याच कचेरीत नगराध्यक्ष होऊन बसला. काठी घेऊन प्रत्येक गल्ली पावलांनी मोजायची त्याला सवय होती, आणि लोक त्याला त्यावरून चिडवायचे. साथ आली तेव्हा कोणत्या विहिरीमागं किती माणसं गेली हे त्यानं दारोदार हिंडून लिहून काढलं. नगरसभेला नवं नाट्यगृह हवं होतं, हा म्हणाला आधी पाणी. सात वर्षं भांडला. शेवटी नळ आले, आणि पहिला नळ त्यानं नदीच्या पुलापलीकडं धोबिणींच्या आणि रंगाऱ्यांच्या वस्तीत बसवला, जिथं राहणाऱ्यांना मतदानाचा अधिकारसुद्धा नव्हता. मला तो माणूस मनापासून आवडायचा. आजही आवडतो.

माझा लेख त्या नळापाशी संपत होता. पुस्तिका मात्र तिथं संपत नव्हती. त्यानंतर दोन पानं होती, ती मी गाळली होती. पुढच्याच निवडणुकीत सभेनं त्याला पाडलं. नगराध्यक्षाचं घर सोडून तो दोन खोल्यांत राहायला गेला, पोरांच्या गणिताच्या शिकवण्या करून म्हातारा झाला. दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, पडलेल्या माणसाची गोष्ट कोण वाचणार, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

जळगावला उतरले ते एका मारवाडी जैन कुटुंबाकडे. त्यांची कापडाची पेढी होती. त्या घरात कांदा-लसूण नव्हता, पण दाल-बाटीवर तूप इतकं होतं की कशाची उणीव भासू नये. जेवण दिवस मावळायच्या आत. दुसऱ्या दिवशी एका वाचनालयात व्याख्यान झालं. लोक आले, नीट ऐकलं, आणि प्रश्नांच्या वेळी एका वकिलांनी उभं राहून विचारलं, “त्या नगराध्यक्षाला मानधन काय होतं?” मला माहीत नव्हतं. ते निराश होऊन खाली बसले. बाहेर आल्यावर यजमानांनी भरीत खायला एका शेतावर नेलं. स्वतःसाठी त्यांनी नुसतं ताक घेतलं आणि मला मात्र आग्रह करकरून वाढलं. काट्या-पळकाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. जळगावला जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच जा, बाकी वर्षभर जे भरीत मिळतं त्यावर समाधान मानायची माझी तयारी नाही.

तिसऱ्या दिवशी एस.टी.नं धुळे. तेव्हाचा रस्ता एरंडोल-पारोळ्यावरून एकेरी, समोरून ट्रक आला की आमची लाल गाडी बिनतक्रार मातीत उतरायची. तिकीट काही फार नव्हतं, पण धूळ मात्र भरपूर मिळाली, अंगावरची कोरी साडी पुन्हा कोरी झाली नाही. धुळ्याच्या देवपूर भागात एका शाळेत व्याख्यान. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी आभार मानताना माझ्या नगराध्यक्षाला फ्रेंच करून टाकलं. संध्याकाळी पांझरा नदीच्या पुलावर उभी राहून मी शेवभाजीनं पोळलेल्या जिभेला वारा देत होते. इतकी तिखट शेवभाजी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. धुळेकरांना ती सपक वाटत होती.

चौथ्या दिवशी कुसुंबा, नेर, साक्री करत दुपारी त्या गावच्या फाट्यावर उतरले. सात-आठ माणसं हार घेऊन उभी. मी उतरले, माझ्यामागून एक म्हातारा आणि त्याची कोंबडी उतरली, गाडी निघून गेली. तरी हार तसाच हातात धरून एकानं विचारलं, “सर कोठे शेत?” अहिराणीत ‘शे’ म्हणजे आहे आणि ‘शेत’ म्हणजे आहेत, एवढं मला एव्हाना कळलं होतं.

“सर नाहीत. मीच आहे,” मी म्हटलं.

मग मागून एक उंच, काटक, पांढऱ्या टोपीतला साठीचा माणूस पुढं आला, त्यानं हसून हात जोडले आणि हार माझ्या हातात दिला. हे आबा, म्हणजे सरपंच. “पत्रावर नाव बाईचंच होतं,” ते त्या सगळ्यांना म्हणाले, “मी सांगं नव्हतं का?” त्यांनी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःही लेखाखालचं नाव नीट वाचलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

आबांच्या घरी त्यांच्या पत्नी, गाव त्यांना अक्का म्हणायचं, दारातच उभ्या होत्या. “बसा वं माय. पानी ल्या,” म्हणून त्यांनी तांब्या पुढं केला आणि मी दमले आहे की नाही हे न विचारता पाट मांडला. खापरावरची पुरणपोळी, आमटी, आणि दुधात भिजवायला आणखी एक पोळी. जेवता जेवता गावाचा प्रश्न कळला. नदीपात्रात नवी विहीर झाली होती, टाकी उभी राहत आली होती. पण यंदा पाइप मंजूर झाले होते ते एकाच बाजूला पुरतील एवढेच. एक बाजू बाजारपेठ आणि गावातली घरं, त्यात आबांचंही. दुसरी बाजू नदीपलीकडची भिल्लांची वस्ती. आबांचं म्हणणं, आधी वस्ती. उद्या सकाळी ग्रामसभेत हात वर करून त्याचा निकाल लागायचा होता.

“सरपंचना घर पयला नळ नही, मंग कोना घर?” अक्का पोळी वाढताना म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण ऐकवायचं कुणाला होतं ते उघड होतं. आबांनी पोळीवर दूध ओतून घेतलं.

जेवणानंतर ओसरीवर ते मला म्हणाले, “बाई, तुमचा लेख मी चारदा वाचला. नळ आला इथं संपतो. पुढे काय झालं त्या माणसाचं?”

मी म्हटलं, “व्याख्यानात सांगेन.”

“आता सांगा ना.”

मला खोटं बोलता आलं असतं. जर्मन येणारं त्या तालुक्यात दुसरं कुणी नव्हतं. पण आबा ज्या नजरेनं बघत होते त्या नजरेसमोर ते जमेना. मी दोन्ही पानं सांगितली. पडला, घर सोडलं, शिकवण्या केल्या. आबांच्या निवडणुका उन्हाळ्यात होत्या, हे अक्कांनी आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, “आबा, मी हे आज बोलत नाही. नळापाशीच थांबते.”

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, “नाही. बठ्ठं सांगा, सगळंच. उद्या जे हात वर करतील त्यांना कळलं पाहिजे की, आबाला हे माहीत आहे. माहीत असून करतोय.”

मला तेव्हा स्वतःची लाज वाटली, हे कबूल करते. फराळाच्या ताटासाठी मी जे गाळलं, त्याचीच या माणसाला गरज होती.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात अख्खा गाव जमला. पेट्रोमॅक्स, सतरंज्या, एका कडेला वस्तीवरची माणसं वेगळी बसलेली. आपल्याकडे कुणाच्याही चरित्रावर बोलायचं तर आधी त्याच्या प्रतिमेचं पूजन लागतं. पण जर्मन नगराध्यक्षाची प्रतिमा आणणार कुठून? आबांनी त्यावर उपाय केला होता. दुकानांच्या पाट्या आणि बैलगाड्या रंगवणाऱ्या गावच्या पेंटरकडून त्यांनी वर्णनावरून चित्र काढून घेतलं होतं. टेबलावर फडक्यानं झाकलेलं चित्र ठेवलं, समोर उदबत्त्या, नारळ, हार. फडकं काढलं.

काळा कोट होता. दाढी होती. गळ्यात पदाची साखळी होती. आणि त्या सगळ्यात आबांचं तोंड होतं. तेच नाक, तेच डोळे, डाव्या गालावरचा तीळसुद्धा.

पाहुणी म्हणून मला पुढं केलं होतं आणि फडकं निघताच मी गडबडीत, तोंडाकडे न बघता, हार घालून मोकळी झाले होते. मग बायकांच्या बाजूनं अक्का उठल्या. “काढा तो हार! जित्ता मानूसले हार घालतस का?” त्यांनी पुढं येऊन हार ओढूनच काढला. तसबिरीला हार घालतात तो गेलेल्या माणसाच्या, आणि इथं नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला. पेंटर बिचारा घामाघूम. “आबा सांगी राहंतात, दाढी अशी, कोट असा,” तो म्हणाला, “मी सांगणाराच्या तोंडाकडे देखी राहंतू.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “आबांनी जिवंतपणीच आपली पूजा मांडली!” हशा पिकला, आणि तो चांगला हशा नव्हता. बाजारपेठेतले लोक उठायला लागले. मला वाटलं, संपलं. व्याख्यानही संपलं आणि उद्याची सभाही.

आबा उठले. त्यांनी शांतपणे चित्र उचललं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मग गावाला म्हणाले, “हसी ल्या. पन बसा. तोंड देखाले नही, त्यानं काम आयकाले बलायेल शे.” आणि ते खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर, वस्तीवरच्या माणसांच्या कडेला जाऊन बसले. अक्का अजून हार हातात धरून उभ्या होत्या. उठलेले लोक एकेक करून पुन्हा बसले.

मी बोलले. पुण्यात बोलायचे तसं नाही बोलले. पटकी सांगितली, काठीनं मोजलेल्या गल्ल्या सांगितल्या, नाट्यगृह सांगितलं, धोबिणींची वस्ती सांगितली. गाळलेली दोन पानंही सांगितली, सावकाश, एकही वाक्य न गाळता. कुणी मानधन विचारलं नाही. टाळ्याही झाल्या नाहीत. लोक नुसते उठून घरी गेले, आणि काय समजावं ते मला कळेना.

सकाळी चावडीपुढं ग्रामसभा. माझी गाडी दुपारची होती, म्हणून मीही कडेला बसले. सगळ्यात जोरात विरोध करणारे पारसमलजी. त्यांचं पेठेत किराण्याचं मोठं दुकान, आणि त्यांच्या शब्दाला पेठेत वजन. त्यांनी आधी पाठ केल्यासारखी कारणं सांगितली: गाव आधी, वस्ती नंतर, पाइप नदी ओलांडून नेला तर पुरात जाईल. मग वस्तीवरची सोमीबाई म्हणून एक बाई उभी राहिली. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, आवाज मात्र खणखणीत. “आमी नदीनी रेतीमा झिरा खंदतस. एक हंडा भराले बठ्ठी सकाय जास. उन्हायामा झिराले बी पानी नही. मंग आमी शेठना वट्यावर बसतस.”

सगळे पारसमलजींकडे बघायला लागले. तेव्हा कळलं की, वस्तीवरच्या बायका गेली कित्येक वर्षं उन्हाळ्यात त्यांच्या ओट्यावर हंडे मांडून बसतात आणि त्यांच्या परसातल्या विहिरीचं पाणी त्यांचे नोकर त्यांना ओढून देतात. शेठनी हे कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बहुतेक त्यांना ते उघडं पडायला नकोच होतं, कारण ते लालबुंद झाले. आणि मग चिडूनच म्हणाले, “हो, बसतात! दिवसभर हंडेच हंडे. गिऱ्हाईक आत येईल कसं? न्या तो नळ तिकडे, माझा ओटा तरी मोकळा होईल.” आणि हात वर केला.

पेठेतले काही हात त्यांच्या मागोमाग वर गेले. काही नाही गेले, ते आबांकडे रागानं बघत राहिले. मोजणी झाली. थोडक्यात, अगदी थोडक्यात, वस्ती जिंकली. आबा हसले नाहीत. त्यांनी रागानं बघणाऱ्या एकेकाकडे नीट पाहून घेतलं, जणू उन्हाळ्यातली मतंच मोजत होते.

दुपारी ते मला फाट्यावर सोडायला आले. गाडी उशिरा होती. मी विचारलं, “आबा, वाईट नाही वाटत?”

“वाटतंय ना,” ते म्हणाले. “मला सरपंच राहायला आवडतं. कोणाला आवडत नाही?”

मी परत आले. आता तिकडे जाणाऱ्यांना मी सांगते, धुळ्याहून साक्रीपर्यंत मोठा रस्ता झालाय, पिंपळनेरला राहायची सोय आहे, शाल न्या, आणि शेवभाजीच्या आधी ताक मागवा. पण मला खरं मिळालं ते यादीत बसत नाही. मी ज्या माणसाला पुस्तकात मोठा मानत होते, तो जन्मभर मला एक धडाच वाटत आला असता. आबांना भेटल्यावर तो चालताबोलता झाला, हट्टी, थोडा पदाचा लोभ असलेला, आणि तरीही पुलापलीकडं गेलेला. पुढे मी त्या चरित्राचं पूर्ण भाषांतर केलं आणि प्रस्तावना आबांवर लिहिली.

आबा उन्हाळ्यातल्या निवडणुकीत पडले. ते त्यांनी कार्डावर दोन ओळींत कळवलं. त्यानंतरच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. नवीन सरपंचांच्या काळात गावातला पाइप काही आला नाही, नदीपात्रातली नवी विहीर सोडून बाकी विहिरी आटल्या, पारसमलजींचीसुद्धा. वर्तमानपत्रात तिकडच्या बातम्या वाचून मी काळजीनं पत्र टाकलं. उत्तर अक्कांचं आलं, सुनेनं लिहिलेलं, पण शब्द त्यांचेच. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं, आणि मला रडू आलं.

‘हे घरमाच शेत. बरा शेत. आमनी विहीर आटनी. गावमा पानी नही, वस्तीना नळले शे. मी सकाय हंडा लिसन नदीपार जास. पयल्या दिन माले लाज वाटनी, म्हनून बठ्ठास्ना मांगे उभी राहनू. सोमीनं माले हात धरीसन पुढे आनं. आते रोज तसंच करस. म्हनस, अक्का, पयला हंडा तुमना.’